कणकुंबीचा धनेश, कॅम्पातला धनेश

बेळगावच्या कॅम्पात वडाची फळं खायला येणारा राखी धनेश लहानपणापासून बघतोय. चोचीवर छोटं शिंग, शेपटीचं टोक पांढरं. घाटमाथ्यावरच्या कणकुंबीच्या रानात मात्र भेटतो तो मलबारी राखी धनेश. त्याच्या चोचीवर शिंगच नाही, आणि ओरडतो तेव्हा कुणीतरी खो-खो हसतंय असं वाटतं. दोघांत अंतर जेमतेम 45 किलोमीटर. एकाची हद्द संपते कुठं, हे बघायला नोव्हेंबरातल्या एका रविवारी पहाटे स्कूटर काढली.

किणयेपर्यंत भातकापणी चाललेली. जांबोटी जवळ आली तशी डोक्यावर झाडं भिडायला लागली. फांदीला फांदी लागलेली असेल तरच शेकरूचा संसार चालतो, त्यामुळं ते बघायचं तर इथनं पुढंच.

कणकुंबीत चहाच्या टपरीवर मामांना मलप्रभेचा उगम विचारला. म्हणाले, "हे काय, देवळाजवळ. हे पाणी सौंदत्तीच्या धरणाला जातंय बघा. त्या टेकाडापलीकडचं गोव्याला." भूगोलाच्या पुस्तकात अशा टेकाडाला जलविभाजक म्हणतात. मलप्रभा कृष्णेतून बंगालच्या उपसागराला, पलीकडची म्हादई पणजीजवळ अरबी समुद्राला. मासा काही टेकाड चढत नाही, म्हणून दोन्ही पाण्यांतल्या माशांच्या याद्या वेगळ्या. मातीत राहणाऱ्या देवगांडुळाचंही (दिसतं गांडुळासारखं, पण बेडकाच्या नात्यातला बिनपायाचा उभयचर) तसंच, एका खोऱ्यातनं दुसऱ्यात जाणं त्याला सोपं नाही. चोर्ल्याला सापडलेल्या एका देवगांडुळाला 2007 मध्ये म्हादईचंच नाव मिळालं.

पण धनेशाला पंख आहेत, त्याला टेकाड कसलं अडवतंय? त्याला अडवतो पाऊस. घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस बेळगावात येईपर्यंत निम्म्याहून कमी होतो, गोकाककडं तर त्याहून कमी. पाऊस बदलला की झाडं बदलतात, झाडांबरोबर फळं, आणि धनेशाच्या घरट्याच्या ढोल्यांसाठी लागणारे जुने बुंधेही. आणखी पूर्वेला, बागलकोट जिल्ह्यातल्या यडहळ्ळीला, चिंकारा आहे. त्याला कणकुंबीत आणून सोडलं तर बिचारा गारठून जाईल.

जाणार असाल तर सहाच्या आत जांबोटी गाठा, नऊनंतर रान गप्प होतं. पेट्रोल बेळगावातच भरा. पावसाळ्यात जळवा असतात. मोज्यांना मीठ-तंबाखू चोळा, मी नोव्हेंबर म्हणून चोळलं नाही आणि एक घरापर्यंत घेऊन आलो. भीमगड अभयारण्यात आत शिरायला वनखात्याची परवानगी लागते. रॉटनच्या वटवाघळासाठी प्रसिद्ध असलेल्या बारापेडे गुहांच्या वाटेला तर जाऊच नका, ती वटवाघळं माणसाच्या वर्दळीनं बिथरतात.

परतताना जांबोटीच्या अलीकडं उंबरावर एक जोडी दिसली. दुर्बिणीतनं बघितलं, चोचीवर शिंग होतं. कॅम्पातलेच. वही काढून जागा लिहून घेत होतो, तेवढ्यात मागच्या रानातनं खो-खो.