आमची वाटचाल : उजनीच्या काठावरची होड्यांची शेड

वडील पत्र्याच्या होड्या करायचे. सांध्यांना डांबर, पावसाळा तोंडावर आला की पुन्हा डांबर. 1980 साली उजनी धरण पुरं झालं, भीमाकाठची गावं पाण्याखाली गेली. भोई मंडळी आधीपासून नदीवर होतीच. जमीन गेलेल्यांतल्याही काहींनी जाळं हाती धरलं. होड्यांना गिऱ्हाईक होतं.

फायबरच्या होड्यांकडे मी वळलो. मेव्हणा सुतार. त्यानं लाकडाची होडी घडवली आणि तिच्यावरून आम्ही साचा काढला. आठ दिवस नुसता पॉलिश पेपर मारत होतो. आजही तोच साचा चालतो. होडी साच्यातून सुटावी म्हणून लागणारं मेण मात्र मी स्वतः लावतो, दुसऱ्या कुणाला लावू देत नाही. पुढची बरीच वर्षं बरी गेली.

2023 ला पाऊस कमी झाला आणि धरण भरलंच नाही. 2024 च्या उन्हाळ्यात उजनी उणे 60 टक्क्यांच्या आसपास गेली. बाहेरच्यांना वाटतं तलाव आटला. तसं नसतं. सुमारे 117 टीएमसीपैकी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) 63 च्या वर मृतसाठाच, म्हणजे धरणाच्या तळाचा राखीव साठा आहे, उणे मोजतात ते त्यातलं. पाणी होतं, पण काठ लांब गेला आणि मधे नुसता चिखल. पळसदेवचं बुडालेलं पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं, बघायला गाड्या लागल्या. माझ्या शेडमधल्या सहा होड्या जागेवरून हलेनात. फायबरचे थर बसवायची राळ, म्हणजे रेझिन, तिचा ड्रम उन्हानं घट्ट व्हायला लागला.

त्यातच, माझ्याच हाताखाली दोन वर्षं शिकलेल्या एकानं पलीकडे शेड टाकली. रेझिनमध्ये खडूची भुकटी, काचतंतूच्या मॅटचा एक थर कमी, आणि भाव जवळजवळ निम्मा. ज्यांना मी दोन-दोन हंगाम उधारीवर होड्या दिल्या, ते त्याच्याकडे गेले. जाताना माझ्या शेडवरूनच गेले. हे अजून बोचतं.

कुंभारगावचे तात्या त्याच्याकडेही गेले होते. खिशातून दहाचं नाणं काढून होडीच्या तळावर ठोकत सुटले. मग माझ्याकडे आले आणि तसंच ठोकलं. थर नीट बसला असेल तर आवाज खणखणीत येतो, पोकळ जागी बद्द. काही बोलले नाहीत. पाण्याचा पत्ता नसताना पूर्ण पैसे मोजले आणि म्हणाले, "पाणी येईल तेव्हा तयार असू दे." त्या पैशांतून पोरांचे पगार झाले.

ऑगस्टमध्ये पुणे भागातल्या धरणांचं पाणी आलं, उजनी भरली. दिवाळीपर्यंत त्या स्वस्त होड्यांचे तळ चिरले. त्या माझ्याकडेच आल्या. मी दुरुस्त केल्या, दोन थर टाकून आणि पैसे रोख घेऊन.

नव्यानं शेड टाकणाऱ्या पोरांनो, कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर आवळणारं द्रावण, आधी रेझिनमध्ये पुरतं ढवळा, हार्डनर मागाहून. दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो. ओलसर मॅट वापरू नका, भर पावसात काम बंद ठेवा. आणि जाळंवाल्यांनो, बारीक आसाची, म्हणजे बारीक भोकांची जाळी वापरणं सोडा. बोटाएवढी चिलापी मासळी उचलून उद्या काय धरणार आहात?

मागच्या महिन्यात तात्यांची जुनी होडी तळाला नवा थर द्यायला आली. काम झालं तसं त्यांनी नाणं काढलं आणि नाळेपासून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापासून सुरुवात केली. मी हातातलं काम ठेवून शेजारी उभा राहिलो.