पाण्यावर उजळलेलं घर

खोपोलीत वाढलेल्या माणसाला डोंगरावरून उतरणाऱ्या मोठाल्या पाइपांचं नवल वाटत नाही. लोणावळ्याच्या वळवण तलावाचं पाणी घाटाखाली येतं, टर्बाइन फिरवतं आणि वीज मुंबईला जाते. १९१५ पासून हे चालू आहे. बाबांची सगळी नोकरी पॉवरहाउसमध्ये गेली. त्यामुळे इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला भावाकडे गेले, तेव्हा बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी क्रॅगसाइड गाठलं. पाणविजेवर उजळलेलं जगातलं पहिलं घर ते हेच.

रॉथबरी गावापासून रस्ता चढाला लागतो. दोन्ही बाजूंना उंचच उंच सूचिपर्णी झाडं. मूळचा हा उघडाबोडका माळ, त्यावर सत्तर लाखांहून जास्त झाडं लावली म्हणतात. मग एकाएकी खडकाला बिलगून उभं असलेलं घर समोर येतं. उतरती छपरं, उंच धुराडी आणि खाली ओढ्याचा आवाज.

हे घर बांधणारा विल्यम आर्मस्ट्राँग पेशाने वकील, पण ओढा यंत्रांकडे. लहानपणी तब्येत नाजूक म्हणून त्याला हवापालटाला याच रॉथबरीला आणत. तरुणपणी एकदा डेंटडेलच्या खोऱ्यात मासे धरायला गेला असताना तो समोरची पाणचक्की बघत बसला. पाण्याला एवढा जोर, आणि चाकाच्या कामी त्यातला किती थोडा येतोय! हा विचार त्याच्या डोक्यातून गेला नाही. त्यातूनच पुढे पाण्याच्या दाबावर चालणारी क्रेन झाली आणि १८४७ मध्ये न्यूकॅसलजवळ एल्स्विकचा कारखाना उभा राहिला. १८६३ मध्ये त्याने सुट्टीपुरतं म्हणून इथे एक छोटं घर बांधायला घेतलं. १८६९ पासून रिचर्ड नॉर्मन शॉ या वास्तुविशारदाने ते वर्षानुवर्षं वाढवत नेलं.

मी सगळ्यात जास्त रेंगाळले ते ग्रंथालयात. १८७८ मध्ये या घरात आधी आर्क दिवा, म्हणजे दोन कार्बनकांड्यांमधल्या ठिणगीवर उजळणारा दिवा आला, १८८० मध्ये संशोधक जोसेफ स्वानचे बल्ब आले. घरभर मिळून ४५ दिवे, आणि एका वेळी ३७ हून जास्त लागत नाहीत असं आर्मस्ट्राँगने लिहून ठेवलंय. ग्रंथालयातले चार दिवे तांब्यावर मीनाकाम केलेल्या फुलदाण्यांवर बसवलेले होते. फुलदाणीचं तांबंच परतीच्या तारेचं काम करायचं. दुसरी तार फुलदाणीच्या आतून खाली यायची, तिचं उघडं टोक बुडातून बाहेर डोकावायचं. फुलदाणीखालच्या बैठकीत पाऱ्याची छोटीशी वाटी. फुलदाणी ठेवली की टोक पाऱ्यात बुडून दिवा लागायचा, उचलली की विझायचा. त्या निळ्या-हिरव्या मीनाकामावरून माझी नजर हलेना.

स्वयंपाकघरात मांस भाजायची सळई पाण्याच्या दाबावर फिरायची. लिफ्टही पाण्याचीच. कोळशाच्या बादल्या घेऊन जिने चढणाऱ्या नोकरमाणसांचे श्रम तिने वाचवले, म्हणून मला ती दिवाणखान्यातल्या दहा टनी संगमरवरी शेकोटीपेक्षा मोलाची वाटली. ती शेकोटी बघायला गर्दी होती. १८८४ मध्ये युवराज एडवर्ड सहकुटुंब इथे मुक्कामाला आले होते.

पण हा सगळा पैसा नुसत्या क्रेनमधून आलेला नाही. एल्स्विकला तोफा बनत, युद्धनौका बनत. जपानच्या आरमारातली कित्येक जहाजं तिथलीच. ज्या डोक्याने पाण्याचा थेंबही वाया जाऊ दिला नाही, त्याच डोक्यातून ही तोफ निघाली. त्या घरात फिरताना हे विसरता येत नाही, आणि विसरू नये असंच मला वाटतं.

आर्मस्ट्राँग १९०० मध्ये गेला. मूलबाळ नव्हतं, घर बहिणीच्या नातवाकडे गेलं. १९७७ मध्ये ते जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आलं आणि १९७९ पासून सगळ्यांना बघायला खुलं झालं.

परतताना टम्बल्टन तलावापाशी थांबले. २०१४ मध्ये इथे सतरा मीटर लांबीचा आर्किमिडीज स्क्रू, म्हणजे पाण्याने फिरणारा भलामोठा पेच बसवलाय. तलावाचं पाणी त्यातून सावकाश उतरतं आणि घरातल्या दिव्यांना पुन्हा पाण्याची वीज मिळते. मी व्हिडिओ काढून बाबांना पाठवला. पाचच मिनिटांत त्यांचा फोन.

"छान आहे गं. हेड किती आहे? म्हणजे पाणी किती उंचीवरून येतं?"

"बाबा, आपल्या घाटासारखं नाही. इथे तलावातून ओढ्यात, एवढंच."

"मग स्क्रूच बरोबर," बाबा म्हणाले. "आता जरा जवळून दाखव."