मावशीचे दोन हजार डॉलर आणि फॉर्म ८८८०

मार्चमधल्या एका रविवारी न्यू जर्सीत एडिसनला मावशीकडे जेवायला गेले होते. पिठलं-भात झाला आणि तिने कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली, आत दोघांचे डब्ल्यू-२ (वर्षाचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा नोकरीवरचा कागद), बँकेचे कागद, भाड्याच्या पावत्या सगळं एकत्र. म्हणाली, "अगं, तेवढं टॅक्सचं बघून दे ना, गेल्या वर्षी त्या माणसाने दीडशे डॉलर घेतले." मावशी डेकेअरमध्ये कामाला आहे आणि काका एका ग्रोसरीच्या गोडाऊनमध्ये. आपल्याकडे न्यू जर्सीतला मराठी माणूस म्हटलं की सॉफ्टवेअरवालाच डोळ्यासमोर येतो, पण पहाटे पाचला पोती उतरवणारेही आपलेच आहेत आणि त्यांच्या म्हातारपणाबद्दल कोणी बोलतच नाही.

दोघांची मिळून २०२५ ची कमाई ४८,१०० डॉलर. दोघांच्याही कामावर ४०१के (नोकरीतून मिळणारं रिटायरमेंटच्या बचतीचं खातं) नाही. बचत होती, पण सगळी साध्या सेव्हिंग खात्यात. मी विचारलं रिटायरमेंटचं काय, तर काका म्हणाले "आधी भाडं, मग म्हातारपण".

तर सरकारची एक सवलत आहे, सेव्हर्स क्रेडिट. कमी कमाई असणाऱ्याने आयआरए (स्वतः उघडायचं रिटायरमेंटचं खातं) किंवा ४०१के मध्ये पैसे टाकले की त्यातल्या पहिल्या दोन हजारांवर (नवरा-बायको दोघांनी टाकले तर चार हजारांवर) ५०, २० किंवा १० टक्के रक्कम थेट टॅक्समधून वजा होते. वय किमान १८ हवं, फुलटाइम विद्यार्थी नको, आणि दुसऱ्या कोणी तुम्हाला रिटर्नमध्ये डिपेंडंट (आपल्यावर अवलंबून) म्हणून दाखवलेलं नको. २००१ च्या कायद्यात आली, २००६ मध्ये कायमची झाली, तरी कित्येकांना माहीतच नाही. ज्या साध्या १०४०-ईझेड फॉर्मवर कमी पगारवाले वर्षानुवर्षं रिटर्न भरायचे त्या फॉर्मवर ही सवलत घेताच यायची नाही, हे मला कळलं तेव्हा खरंच वाईट वाटलं. तो फॉर्म २०१८ पासून बंद झाला.

आता मावशीचं गणित, कारण गंमत इथेच आहे. जोडप्यासाठी २०२५ मध्ये ५० टक्के मिळायला कमाईची हद्द ४७,५०० डॉलर, त्यावर एक डॉलर जरी गेला तरी सरळ २० टक्के, आणि ५१,००० च्या पुढे ७९,००० पर्यंत १० टक्के. मावशी-काका सहाशे डॉलरने वर. म्हणजे मावशीने रॉथ आयआरएमध्ये (यात टाकलेले पैसे कमाईतून वजा होत नाहीत) दोन हजार टाकले असते तर चारशेच मिळाले असते. पण तेच दोन हजार ट्रॅडिशनल आयआरएमध्ये टाकले तर ते कमाईतून वजा होतात, कमाई ४६,१०० वर येते, हद्दीच्या आत, आणि क्रेडिट हजार! आधी टॅक्स साधारण १,६६० बसत होता तो ४६० वर आला. दोन हजार टाकले, ते तिचेच राहिले आणि टॅक्स बाराशेने कमी. मी तीनदा आकडे तपासले.

आणि वर्ष संपलेलं असलं तरी १५ एप्रिलपर्यंत आयआरएमध्ये मागच्या वर्षाचे म्हणून पैसे टाकता येतात. तिच्याच फोनवर खातं उघडलं, अर्धा तास लागला. पैसे टाकताना वर्ष विचारतात तिथे आपोआप २०२६ येत होतं, ते बदलून २०२५ करावं लागलं, हे नक्की बघा नाहीतर सगळी मेहनत वाया. रिटर्नबरोबर या क्रेडिटचा फॉर्म ८८८० जोडायचा. आणखी एक, आधीच्या दोन वर्षांत किंवा त्यानंतर रिटर्नच्या तारखेपर्यंत अशा खात्यातून पैसे काढले असतील तर तेवढी रक्कम टाकलेल्या पैशांतून कमी धरतात.

पुढच्या रविवारी मावशी तिच्या डेकेअरमधल्या मैत्रिणीला घेऊन आली. एकटी राहते, वर्षाची कमाई १६,५००. तिला मात्र मला फार काही देता आलं नाही. तिचा टॅक्सच मुळात पंचाहत्तर डॉलरच्या आसपास, आणि हे क्रेडिट टॅक्स शून्यावर आणून थांबतं, उरलेलं हातात देत नाही. ज्याला सगळ्यात जास्त गरज त्यालाच कमी मिळतं, हे मला अजिबात पटत नाही.

२०२२ च्या कायद्याने हे बदलणार आहे. २०२७ सालापासून क्रेडिटच्या जागी सेव्हर्स मॅच येतोय, टॅक्स बसो न बसो, टाकलेल्या रकमेच्या निम्मे, जास्तीत जास्त हजार, सरकार थेट रिटायरमेंट खात्यात भरणार. एकट्या माणसाला २०,५०० पर्यंत पूर्ण, मग ३५,५०० पर्यंत हळूहळू कमी, एका डॉलरने घसरगुंडी नाही. मावशीच्या मैत्रिणीने महिन्याला ४० टाकले तर वर्षाला ४८०, त्यावर सरकारचे २४०. तिने तो आकडा पर्समधल्या छोट्या वहीत लिहून घेतला आणि विचारलं, "चाळीसवर पण खातं उघडतात का?" उघडतात. तिचंही उघडून दिलं.