पाठमोरे

गॅदरिंगच्या नाटकात उभं राहणाऱ्या प्रत्येकाला एक नियम घोकवला जातो: काहीही कर, प्रेक्षकांकडे पाठ करू नकोस. तो बिचारा मग चहाचा कप द्यायलासुद्धा खेकड्यासारखा तिरका चालतो. डॉ. जब्बार पटेलांनी 'घाशीराम कोतवाल'मध्ये हा नियम प्रयोगभर मोडला, तोही एकाकडून नाही, बारा जणांकडून.

माणसांची ही भिंत नाटककार विजय तेंडुलकरांच्या संहितेतच आहे. बारा ब्राह्मण ओळीत उभे, गाताहेत, डोलताहेत. वळले की पडदा, पुन्हा वळले की पुणं. कागदावर याला दोन-तीन वाक्यं पुरतात. रंगमंचावर मात्र पहिल्याच तालमीत हिशेब सुरू होतो. खांद्याला खांदा लावला तर एक माणूस साधारण दीड फूट जागा घेतो, म्हणजे बारा जणांचे झाले अठरा फूट. मोठ्या नाट्यगृहात रंगमंचाचं तोंड तीस फुटांच्या आसपास असतं. उरलेले बारा फूट दोन्ही कडांना उघडे राहतात आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवरच्या माणसाला भिंतीमागचं अर्धं पुणं फुकट दिसतं. हात फाकवून अंतर वाढवलं तर कडा झाकल्या जातात, पण भिंतीला फटी पडतात. त्यामुळे ज्याला लपवायचं त्याला भिंतीच्या अगदी पाठीला चिकटून, ओळीच्या मध्यावर ठेवावं लागतं. बाल्कनीचं संकट वेगळंच. वरून बघणाऱ्याला साडेपाच फुटांची भिंत म्हणजे कुंपण. तिथेही उपाय तोच, चिकटून राहा आणि जमलं तर खाली बसा.

खरी गंमत वळण्यात आहे. माणूस समोरून दीड फूट रुंद असतो, बाजूने जेमतेम पाऊण फूट. बारा जण एकदम वळले की अर्ध्या वळणावर सगळ्यांची बाजू समोर येते, भिंतीत अकरा फटी पडतात आणि क्षणभर मागचं सगळं दिसतं. मागचा नट त्याच क्षणी जागा बदलत असेल तर जादू गेलीच. म्हणून वळण समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, संपायला हवं आणि वळण संपेपर्यंत मागच्याने हलायचं नाही. एका टोकापासून लाटेसारखं वळायचं ठरवलं तर फट एका वेळी एकच पडते, पण मग शेवटच्या माणसाला आपली मात्रा मोजत थांबावं लागतं, आणि गाणारा माणूस मोजायला लागला की गाणं कोरडं होतं. त्यातच पाठ केली की आवाज मागच्या पडद्यात जातो, शब्द पुसट होतात. ज्या ओळी कळायलाच हव्यात त्या समोर तोंड असताना गायच्या, वळल्यावर पालुपद. पालुपद प्रेक्षकाला एव्हाना पाठ झालेलं असतं, थोडं कमी ऐकू आलं तरी चालतं. भास्कर चंदावरकरांचं संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांनी बसवलेल्या हालचाली अशा एकमेकांत अडकलेल्या होत्या. एकाला हात लावला की दुसरं डगमगायचं.

असल्या नाटकाला नेपथ्याचा ट्रक फारसा लागत नाही. खर्च वाचला असं वाटतं, पण भिंत जेवते, झोपते, तिला ताप येतो. कौटुंबिक नाटकात एक नट आजारी पडला तर त्याच्या जागी दुसरा संवाद पाठ करून उभा राहू शकतो. भिंतीतला पाचवा माणूस बदलला की चौथ्याला आणि सहाव्याला नवा खांदा, नवी उंची, नवा श्वास. नव्याला चाली येत असल्या तरी शेजाऱ्याच्या डोलण्याचा अंदाज यायला दिवस जातात. तोवर भिंतीत एक वीट सैल असते आणि ती पहिल्या रांगेतूनही दिसते.

16 डिसेंबर 1972 रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात पहिला प्रयोग झाला. पीडीए, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, या संस्थेने एकोणीस प्रयोगांनंतर नाटक थांबवलं. कारण, नाटक ब्राह्मणविरोधी असल्याचा आरोप. त्यावर वाद घालायची हौस असणारे अजूनही भेटतात. 1973 मध्ये याच मंडळींची थिएटर अकॅडमी निघाली, 1974 च्या जानेवारीत नाटक पुन्हा उभं राहिलं, 1980 मध्ये ते युरोपात जाऊन आलं. या सगळ्यात मला अप्रूप वाटतं ते भिंतीतल्यांचं. नाना फडणवीस म्हणून मोहन आगाशे लक्षात राहतात, घाशीराम म्हणून रमेश टिळेकर. भिंतीतल्या तिसऱ्याचं नाव कोण सांगेल? त्याने वर्षानुवर्षं लोकांना पाठ दाखवली, आणि तीही नेमकी मात्रेवर.

जाता जाता, पटेल बालरोगतज्ज्ञ, आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, आणि पुढे पटेलांच्या 'सामना' या चित्रपटात आलेले श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. एवढे डॉक्टर एका दिग्दर्शकाच्या वाट्याला आले तरी त्याच्या कामात बरं होणारं कोणीच फारसं भेटत नाही.

'सामना' 1975 च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेत होता. तिथे भिंत नाही, कारण कॅमेऱ्याला भिंत चालत नाही. बारा जण एका ओळीत चौकटीत बसवायचे तर कॅमेरा मागे न्यावा लागतो, आणि मागे नेला की चेहऱ्यांचे ठिपके होतात. शिवाय रंगमंचावर पाठ वळली की प्रेक्षकाची नजर शोधायला लागते. पडद्यावर ती शोधण्याआधीच दिग्दर्शक कापून मोकळा होतो. 'घाशीराम'वरही चित्रपट निघाला, 1976 मध्ये, पण तो 'युक्त' या तरुणांच्या सहकारी गटाचा, पटेलांचा नव्हे. पटेलांनी आपल्या पहिल्या चित्रपटात ओळ सोडून दोनच माणसं समोरासमोर बसवली: निळू फुल्यांचा गावचा सत्ताधीश हिंदुराव आणि लागूंचा मास्तर. गावातून नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचं काय झालं, हा प्रश्न मास्तर विचारत राहतो आणि सबंध गाव पाठ करून उभं असल्यासारखं गप्प असतं. कोणाला ओळीत उभं न करता भिंत बांधलेली आहे.

'जैत रे जैत'मध्ये ओळ परत येते, ठाकर आदिवासींच्या नाचगाण्यात, आणि डोंगरावर तिला जागाच जागा. हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली, महानोरांचे शब्द, स्मिता पाटील. त्यावर इतकं लिहिलं गेलंय की पुढे जावं.

'सिंहासन' मात्र पुन्हा पुन्हा पाहावा. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या, तेंडुलकरांची पटकथा, 1979, कृष्णधवल. सुरुवात निनावी फोनने. मंत्री, कामगार पुढारी, तस्कर, बायका, पत्रकार अशी पंचवीस-तीस माणसं, आणि एकही नायक नाही. अशा पसाऱ्यात हमखास बिघडतं ते हे की प्रेक्षक माणसं विसरतो. दर तिसऱ्या दृश्याला 'हा कोण?' म्हणून शेजाऱ्याला विचारतो. पटेलांनी जवळपास प्रत्येक पात्र रंगभूमीवरच्या कसलेल्या, ओळखीच्या चेहऱ्याला दिलं. नाव विसरलं तरी चेहरा राहतो. आणि या सगळ्यांच्या कडेला निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस. 'सामना'त गाव गप्प बसवणारा माणूस इथे नुसता बघतो, टिपून घेतो, आणि शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. पटेलांच्या सगळ्या चित्रपटांत भिंतीमागचं पाहून बसलेला माणूस कोण असेल तर हा.

'उंबरठा' (1982) हिंदीतही 'सुबह' नावाने निघाला. दोन भाषांचा चित्रपट म्हणजे महत्त्वाची वाक्यं दोनदा चित्रित करणं आलं, नाहीतर ओठ एक बोलतात आणि आवाज दुसरंच. नटाचा ताण दुप्पट होतो, रडायचं दृश्य असेल तर विचारूच नये. त्यातल्या महिलाश्रमातल्या बायका मला आश्रमाची अधीक्षक असलेल्या नायिकेपेक्षा, सुलभापेक्षा, जास्त आठवतात. ओळीत उभ्या, कोणी समोर बघत नाही.

'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' इंग्रजीत, मामूटी मुख्य भूमिकेत, त्यासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार. महाडचा प्रसंग येतो तेव्हा माणसं पुढे चालत येतात आणि तिथे कोणालाच काही लपवायचं नाही. त्यामुळेच असेल, मला त्या दृश्यात पटेलांची ओळ दिसत नाही, मोठी गर्दी दिसते. हे उणं की अधिक, ठरवता येत नाही.

'एक होता विदूषक' राहिलाच. पुलंची पटकथा, लक्ष्मीकांत बेर्डे, 1992. त्यातली माणसं सारखी लोकांसमोर येऊन उभी राहतात, तेव्हा त्याला इथे कुठे बसवावं, ते काही सुचत नाही.