तुम्ही विचारलंत म्हणून : फोनवर सगळं मिळतं, मग या तबकड्या कशाला?

घरी पहिल्यांदा आलेला माणूस कपाटापाशी जातो, एखादी रेकॉर्ड ओढून बघतो, परत सरकवतो आणि विचारतोच, "अहो, हे सगळं फोनवर फुकट मिळतं की! मग एवढा पसारा कशाला?"

मिळतं, खरंच मिळतं. मीही रोज फोनवरच ऐकतो. ज्या गायकांची नुसती नावं आजोबांच्या तोंडून ऐकली होती, त्यांची गाणी कुठल्या कुठल्या संग्राहकांनी नेटवर चढवली म्हणून मला ऐकायला मिळाली. त्या लोकांचे माझ्यावर उपकार आहेत. म्हणून या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवं.

"एलपीचा आवाज उबदार असतो, सीडीचा कोरडा," असं पुष्कळ जण सांगतात. माझं उत्तर ते नाही. एलपी, म्हणजे नंतर आलेली प्लास्टिकची मोठी रेकॉर्ड, मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. कडेच्या खाचेतून सुई सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर पुढे जाते, तर लेबलजवळ जेमतेम २१. तेवढ्याच वेळाचा आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो, म्हणून बाजू संपत येते तसा तो थोडा फाटतो. खाचा कोरताना खर्ज मुद्दाम कमी करतात आणि वाजवताना ॲम्प्लिफायर तो पुन्हा भरून काढतो. या सगळ्या कसरती आहेत. आवाज जसाच्या तसा साठवायचा असेल तर डिजिटल सरस आहे, यावर मी वाद घालत नाही. किशोरीताई आमोणकरांचा भूप एका बाजूला आणि बागेश्री दुसऱ्या बाजूला असलेली एलपी मला जिवापाड प्रिय आहे, पण तीसुद्धा आवाजासाठी नव्हे.

माझं उत्तर ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या रेकॉर्डींपाशी आहे. त्या आजोबांच्या.

आजोबा सांगलीचे, गावभागातले. मिरजेच्या दर्ग्यात त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांना समोर बसून ऐकलं होतं. १९३७ साली खाँसाहेब गेले, मिरजेतच त्यांचं दफन झालं. त्यानंतर आजोबांकडे उरल्या त्या रेकॉर्डी. झिंझोटीतली 'पिया बिन नहीं आवत चैन' त्यांनी इतकी वाजवली की एका जागी खाच पांढुरकी पडली आहे. ग्रामोफोनचा पिन धरणारा तो जड साउंडबॉक्स, पोलादी पिन, आणि रेकॉर्डीत लाखेबरोबर दळलेला दगड. दर वेळी पिन झिजायची आणि रेकॉर्डही झिजायची. नवीन बाजू लावताना आजोबा नवीन पिन लावायचे, डबीतून मोजून काढून. पांढुरकी झालेली ती जागा म्हणजे त्यांची आवडती जागा. तिथे आता खरखर जास्त आणि गाणं कमी येतं. पण मला त्या खरखरीत आजोबा दिसतात, त्याला माझा इलाज नाही.

हीच ठुमरी मी फोनवर तीन ठिकाणी ऐकली आणि तिन्हीकडे ती वेगळ्या पट्टीत निघाली. मी चक्रावलो. मग कारण कळलं. '७८' हे नाव आपण सरसकट देतो, पण जुन्या रेकॉर्डी सगळ्या ७८ फेऱ्यांवर घेतलेल्याच नाहीत. कुणी ७६वर, कुणी ८०वर, काही त्याहून लांब. ७८ची रेकॉर्ड साडेब्याऐंशीवर फिरवली की पांढरी एकचा गायक काळी एकमध्ये, म्हणजे पेटीवरच्या पुढच्या पट्टीत जातो. आवाज पातळ होतो, लय चढते, तान आहे त्याहून चपळ वाटते. आणि आपण म्हणतो, काय तयारी होती पूर्वीच्या लोकांची! त्यांची तयारी होतीच, पण ही जास्तीची तयारी मोटरची असते.

नेटवर येणारी प्रत कुणीतरी केलेली असते. कुठल्या वेगाने फिरवायची, कुठली सुई लावायची, खरखर किती काढायची, हे त्या माणसाच्या कानांनी ठरवलेलं असतं. ७८ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा रुंद असते, तिला जाड सुई लागते. एलपीची सुई लावली तर ती खाचेच्या तळाशी घासत जाते. शिवाय खरखर काढायच्या नादात बहुतेकदा तंबोरा जातो. तंबोऱ्याचे वरचे सूर आणि खरखर यांतला फरक कानाला कळतो, यंत्राला तो सांगावा लागतो. साफ केलेली प्रत ऐकायला गुळगुळीत लागते, पण गाणाऱ्याच्या मागची भिंतच काढून घेतल्यासारखं होतं.

रेकॉर्ड हाताशी असली की मला परत जाता येतं. वेग कमी-जास्त करून बघता येतो. साथीला पेटी असेल तर तिचा सूर दोन पट्ट्यांच्या मधे लोंबकळतोय का, ते तपासता येतं. माझं चुकेलही. मग उद्या दुसरा कुणी त्याच खाचेतून पुन्हा काढेल.

अगदी जुन्या रेकॉर्डींत तर याहून मोठी गोष्ट असते. १९०२च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गायिका गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपताना ती इंग्रजीत आपलं नाव सांगते : माय नेम इज गौहरजान. तबकड्या छापायला जर्मनीत हानोव्हरला जायच्या, तिथल्या माणसांना कुठलं लेबल कुठल्या गाण्यावर लावायचं ते कळावं म्हणून ही सोय. त्या काळच्या कितीतरी रेकॉर्डी अशाच नावाने संपतात. तीन मिनिटं जीव ओतून गायचं आणि उरलेल्या श्वासात आपलं नाव सांगायचं, हे ऐकताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. आणि फोनवर ऐकलेल्या काही प्रतींत हे नावच कापलेलं असतं! गाणं नाही म्हणून.

त्या नावाची किंमत मला २०१९च्या ऑगस्टमध्ये कळली. कृष्णेचं पाणी घरात पाच फूट चढलं. आजोबांची रेकॉर्डी ठेवायची लाकडी पेटी खालच्या फळीवर होती. माझी हार्ड डिस्कही टेबलाच्या खणात होती, तिच्यात आठ वर्षं जमवलेलं गाणं होतं. पाणी ओसरल्यावर गाळातून दोन्ही काढलं. हार्ड डिस्क गेली ती गेलीच. पेटीतल्या रेकॉर्डी साध्या पाण्याने धुतल्या. एकाने स्पिरिटने पुसायला सांगितलं होतं. बरं झालं, आधी विचारून घेतलं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुतार लाकडाला जे पॉलिश मारतात ते हेच. पुसल्या असत्या तर माझ्याच हाताने गाणं पुसलं गेलं असतं. सावलीत उभ्या करून वाळवल्या. दोन तडकल्या, बाकीच्या वाजल्या.

फक्त लेबलं गेली. पळसावरच्या, कुसुमावरच्या किड्यांची लाख टिकली आणि माणसाने छापलेला कागद वाहून गेला. आता कुठली कुणाची? बऱ्याचशा खुणांवरून ओळखल्या, आजोबांची म्हणजे पांढुरक्या जागेवरून. काहींचे मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या त्या मुद्रणाचे कंपनीचे क्रमांक, लेबलाजवळच्या मोकळ्या पट्ट्यात कोरलेले होते, ते बॅटरीच्या तिरप्या उजेडात वाचून संग्राहकांना विचारले. आणि तीन रेकॉर्डींनी शेवटी आपापली नावं स्वतःच सांगितली.

गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो', १९७७ साली नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांवर गेली ती खाचांतूनच. सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी, मिनिटाला १६⅔ फेरे, सोबत सुई आणि ती कशी लावायची याची चित्रं. आपली भाषा ठाऊक नसलेल्याच्या हाती पडली तरी सुई टेकवून फिरवली की आवाज निघेल, एवढा भरवसा होता. मी पुरातून काढलेली पहिली रेकॉर्ड लावली तेव्हा मला त्या तबकडीची आठवण झाली.

एक रेकॉर्ड मात्र अजून अनोळखी आहे. दहा इंची, एका बाजूचा नंबर पुसट, दुसऱ्या बाजूचा घासून गेलेला. आवाज बाईचा, राग देस, साथीला पेटी आणि तबला. शेवटी नाव नाही. ७८वर लावली तर पेटी पट्टीत बसत नाही, जरा हळू केली की बसते. मी फोनवर पुष्कळ शोधलं, ती कुठेच नाही. तुम्ही कधी सांगलीकडे आलात तर ऐकून जा. तुमच्या घरात कुणाला जुनी गाणी ओळखता येत असतील तर त्यांनाही आणा.