शेवट ठाऊक असूनही

ज्या गाण्याचा सारा डोलारा एका कलाटणीवर उभा आहे, ते गाणे कलाटणी एकदा कळल्यावर फिके पडायला हवे. अमेरिकी गायक जॉर्ज जोन्स यांनी गायलेले ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ (त्याने आज तिच्यावर प्रेम करणे थांबवले) हे कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण वळणाचे, गाणे मात्र १९८० पासून आजवर फिके पडलेले नाही. बॉबी ब्रॅडॉक आणि कर्ली पुटमन यांनी लिहिलेल्या या गाण्याची कथा एवढीच आहे: मरेपर्यंत तुझ्यावर प्रेम करीन असे एक माणूस सांगतो, काळ लोटला की विसरशील असे ती म्हणते, आणि तो आपला शब्द अक्षरशः पाळतो.

पहिल्यांदा ऐकताना आपण फसतो. मित्र सांगतो की आज त्याला भेटायला गेलो तर डोळ्यांत टिपूस नव्हते, गावाला निघाल्यासारखा तो ठाकठीक कपडे घालून तयार होता आणि कित्येक वर्षांनी चेहऱ्यावर हसू होते. ऐकणाऱ्याला वाटते, सुटला बिचारा एकदाचा. दारावर पुष्पचक्र लागल्याचे ध्रुवपदात कळते, तेव्हा त्या कपड्यांचा उलगडा होतो. दुसऱ्यांदा मात्र हेच कडवे अंगावर येते, कारण सांगणारा जे अजून उघड करत नाही ते आपल्याला आधीच ठाऊक असते. त्याने पलंगाशेजारी जपलेली १९६२ सालची पत्रे आणि त्यांतल्या प्रत्येक ‘आय लव्ह यू’खाली ओढलेली तांबडी रेघ हा तपशील प्रथम नुसता हळवा वाटतो, पुढे तो वेडाच्या सीमेवरचा भासू लागतो. हा माणूस आदर्श प्रेमिक की एका जागी अडकून पडलेला जीव, याचा निवाडा गाणे करत नाही, आणि त्याचे टिकाऊपण मला मुख्यतः इथेच दिसते.

कडव्यांत जोन्स जवळजवळ बोलल्यासारखे गातात आणि ध्रुवपदातच आवाज मोकळा सोडतात. गंमत अशी की असले सुतकी गाणे कोणी विकत घेणार नाही, असे त्यांचेच ठाम मत होते. जुलै १९८० मध्ये ते कंट्री गाण्यांच्या यादीत पहिले आले. गाण्यात चार ओळी नुसत्या बोलायच्या होत्या आणि त्या ओळींनीच ध्वनिमुद्रण करणाऱ्या सर्वांना रडकुंडीला आणले. जोन्स प्यालेले असले तरी गाताना शब्द स्वच्छ येत, बोलताना मात्र जीभ जड होई, असे निर्माते बिली शेरिल सांगत. त्यामुळे गाण्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रणानंतर सुमारे दीड वर्षाने त्या ओळी मुद्रित झाल्या.

शेरिल यांचा व्हायोलिनांचा ताफा मला एरवी जड वाटतो, इथेही थोडा वाटतो. पण पार्श्वगायिका मिली कर्कम यांचा शब्दांवाचून उंच जाणारा आवाज मी कधीच काढू देणार नाही. गाण्यातल्या प्रेयसीचे एक वाक्य सोडले, तर तिची बाजू गाण्यात कुठेच येत नाही. शेवटच्या भेटीला ती का आली, हेही कोणी सांगत नाही. ती बाजू शब्दांत मांडली असती तर गाणे लांबले असते आणि बहुधा उथळही झाले असते.