एका अम्माऊसहून दुसऱ्या अम्माऊसला

यरुशलेमजवळच्या अबू घोष गावातल्या मठापाशी भाऊजींनी बुटांच्या नाड्या तिसऱ्यांदा सोडल्या आणि पुन्हा बांधल्या. सगळं आयुष्य वाडीत अनवाणी, नाहीतर स्लीपरवर गेलेलं. हे बूट मुलाने यात्रेसाठी मुद्दाम आणून दिले होते.

“किती चालायचं म्हणालास?”

“वीसेक किलोमीटर. बराचसा उतार आहे.”

“आणि बायबलात अम्माऊस किती लांब लिहिलंय?”

“यरुशलेमपासून साठ स्टाडिया. म्हणजे अकरा किलोमीटर.”

“अकरा तर इथवरच झाले असतील. मग पुढे कशाला जायचं?”

त्यांचं बरोबर होतं. लूकच्या शुभवर्तमानाच्या बहुतेक हस्तलिखितांत साठ आकडा आहे, पण काही जुन्या हस्तलिखितांत एकशे साठ आहे. एवढ्या फरकामुळे आज तीन-चार गावं ‘आम्हीच अम्माऊस’ म्हणून सांगतात. अबू घोष त्यातलंच एक. बाराव्या शतकात क्रूसयोद्ध्यांनी इथल्या झऱ्यावर चर्च बांधलं, त्याच्या तळघरात आजही पाणी आहे. दुसरं आहे लात्रूनजवळचं निकोपोलिस, यरुशलेमपासून तीसेक किलोमीटरवर. आम्ही एका अम्माऊसहून दुसऱ्या अम्माऊसला निघालो होतो. भाऊजींच्या भाषेत, देवाच्या पुस्तकात किलोमीटरचा घोळ.

तो २२ एप्रिल २०१९, ईस्टरनंतरचा सोमवार. वसईहून आलेल्या आमच्या यात्रेकरूंपैकी सोळा जण चालायला तयार झाले होते. बाकीचे बसने पुढे जाऊन थांबणार होते. भाऊजी खरं तर बसवालेच. पण आदल्या रात्री अचानक म्हणाले, “तू चालतोयस ना? मग मीही.” यात्रेची नोंदणी मूळ ताईने केली होती, दोघांची. पासपोर्ट हातात आला आणि तीन महिन्यांत ताई गेली. तिच्या जागेवर मी आलो. याबद्दल आम्ही दोघे विमानातही बोललो नव्हतो आणि नंतरही नाही.

मी रविवारी चर्चमध्ये नववीच्या मुलांना धर्मशिक्षण शिकवतो. वीस वर्षं झाली. मागल्या उपवासकाळात एका मुलाने विचारलं, “सर, येशू परत आला ना? मग त्याच्याच माणसांनी त्याला ओळखलं कसं नाही?” मी काहीतरी ठरावीक उत्तर दिलं. त्याने मान हलवली. ती मान हलवणं कसं असतं ते शिक्षकालाच कळतं.

ही चाल त्या प्रश्नासाठी होती म्हटलं तरी चालेल. येशूच्या पुनरुत्थानाच्या, म्हणजे मरणातून उठण्याच्या, सगळ्या कथांत मला अम्माऊसची कथा सर्वांत जवळची वाटते, कारण ती चालत घडते. येशूला क्रूसावर मारून तिसरा दिवस. त्याचे दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊसकडे निघालेत. एकाचं नाव क्लयपा, दुसऱ्याचं नाव लूकने दिलेलंच नाही. वाटेत एक अनोळखी माणूस त्यांना येऊन मिळतो, कशाबद्दल बोलताय म्हणून विचारतो. ते थबकतात, उदास चेहऱ्याने. मग सगळं सांगतात आणि त्यात एक वाक्य येतं: आम्हाला आशा होती. आहे नव्हे, होती.

आपल्याकडे वारी म्हटली की टाळ-मृदंग आणि लाखोंची रीघ डोळ्यांसमोर येते. वारकरी ज्याच्या ओढीने चालतो तो पंढरीत विटेवर उभा आहे, वाट पाहतोय. अम्माऊसचे वारकरी उलट्या दिशेचे. जिथे घडलं त्या जागेकडे पाठ करून घरी निघालेले. ज्याच्यापासून ते लांब चालले होते, त्यानेच त्यांना वाटेत गाठलं.

पहिले दोन तास बरे गेले. पाइनची झाडं, खालच्या अंगाला ऑलिव्ह, मधूनच खसखशीची लाल फुलं. दूरवरून महामार्गाची घरघर. भाऊजी झाडं बघत चालले होते, माणसं नाही. बदामाच्या झाडाजवळ थांबून त्यांनी पान चुरगळून हुंगलं. “यांना पाणी कोण देतं?” हा प्रश्न ते पुण्यभूमीत पाय ठेवल्यापासून सगळीकडे विचारत होते.

शनिवारी आम्ही यरुशलेममध्ये, येशूची कबर जिथे होती असं मानतात त्या पवित्र कबरीच्या चर्चमध्ये होतो. पाश्चात्त्य लोक त्याला कबरीचं चर्च म्हणतात. ग्रीक ख्रिस्ती म्हणतात अनास्तासिस आणि अरब म्हणतात कियामा. दोन्हींचा अर्थ पुनरुत्थान. एकच इमारत, पण नाव कबरीवरून द्यायचं की उठण्यावरून, यात सगळं आलं. तिथला कारभार सहा पंथांत वाटलेला, दाराची किल्ली पिढ्यान्‌पिढ्या मुसलमान घराण्याकडे. वेळापत्रक जुन्या करारांनी इतकं घट्ट बांधलेलं की कॅथलिकांचा पास्का (म्हणजे ईस्टर) जागरणाचा विधी, जो आपल्याकडे शनिवारी रात्री अंधारात नवा अग्नी पेटवून होतो, तो तिथे शनिवारी सकाळीच उरकतात. ऐन उजेडात मेणबत्ती घेऊन उभं राहायचं! माझी तर थोडी निराशाच झाली.

नंतर कबरीसाठी रांग. खाली वाकून आत जायचं, एका वेळी तीन-चार माणसं, समोर संगमरवरी लादी. ऑक्टोबर २०१६ मध्ये दुरुस्तीच्या वेळी ती लादी काही शतकांनंतर प्रथमच सरकवली, तेव्हा खाली चुनखडीच्या खडकात कोरलेला ओटा मिळाला होता. आम्हाला आत मिनिटभरही मिळालं नाही.

भाऊजी बाहेर येऊन म्हणाले, “आत काहीच नाही.”

“तेच तर आहे.”

“काही नाही ते बघायला दोन तास रांग?”

मी हसलो, पण ते हसले नव्हते. आणि आता चालताना वाटत होतं की त्यांच्या म्हणण्यात काही चूक नव्हती. नुसत्या रिकाम्या कबरीने बहुतेकांची खात्री पटलेली नाही. पहाटे गेलेल्या बायकांनी येऊन सांगितलं, तर प्रेषितांना, म्हणजे येशूच्या निवडक शिष्यांना, ती बडबड वाटली. क्लयपा आणि त्याचा सोबती यांनाही कबर रिकामी आहे हे ठाऊक होतं. तसं ते त्या अनोळखी माणसाला सांगतातही. तरी चालले होते घरीच. प्रेत नाही म्हणजे माणूस जिवंत आहे, असं कोण धरून चालेल? आधी ते कोणी नेलं असेल हेच मनात येणार. पहाटे कबरीपाशी गेलेल्या मग्दालिया मरियेलाही तेच वाटलं.

एका उतारावर दगडावर बसून पाणी प्यायलो. सोबतच्या फादरांनी गव्हाच्या दाण्याचं वचन वाचलं: दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ पीक देतो. भाऊजी माझ्या कानाशी आमच्या सामवेदी बोलीत पुटपुटले, “मेलेला दाणा उगवत नाही.”

“दृष्टान्त आहे तो, भाऊजी.”

“असू दे. भाताचं बी भिजवून पोत्यात बांधून ठेवतो ना, त्यात हात घालून बघ. गरम लागतं. मेलेलं गरम असतं होय?”

“मग काय होतं दाण्याचं?”

त्यांनी विचार केला. “दाणा दाणा राहत नाही, एवढंच. पण रोप हळूच उपटून बघ, मुळाशी फोल चिकटलेलं असतं. कशातून आलं ते कळतं.”

मी वीस वर्षं शिकवतोय आणि हे मला कधी सुचलं नाही. करिंथच्या मंडळीला लिहिताना संत पौलाने हाच दाणा घेतला आहे: पेरतोस तो नुसता दाणा, पुढे उगवणारं शरीर नव्हे. तिथेच तो अगदी रोखठोक म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर आमचं सांगणं फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट. पळवाट ठेवलेली नाही. शिकवण चांगली होती, उदाहरण थोर होतं, असलं काही चालवून घेत नाही. वसईत शेजारी विचारतात, आत्मा अमर असतो तसंच ना तुमचं? किंवा, म्हणजे पुनर्जन्म? दोन्ही नाही. प्रत्येक रविवारी मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, आम्ही मृतांचं पुनरुत्थान म्हणतो ते देहासकट. लूकच्या कथेत शिष्यांना भूत दिसल्यासारखं वाटतं तेव्हा येशू भाजलेला मासा मागून त्यांच्यासमोर खातो. वसईच्या माणसाला याहून पक्का पुरावा नको.

पण तोच देह जसाच्या तसा परत आला असंही नाही. शुक्रवारी बसमधून लाझरसचं गाव दिसलं होतं. अरबीत आजही अल-एझारिया, लाझरसच्याच नावावरून. लाझरसला येशूने कबरीतून बाहेर बोलावलं, तो पूर्वीच्या आयुष्यात परतला, आणि पुढे केव्हातरी पुन्हा मेला. येशूचं तसं नव्हतं. तो मागे फिरला नाही, मरणातून पलीकडे निघाला. म्हणून जवळची माणसंही ओळखायला चुकतात. फोल ओळखीचं, रोप नवं. त्या नववीतल्या मुलाला आता मी हे सांगेन, आणि भाऊजींचं नाव घेऊन सांगेन.

दुपारी सावलीत जेवायला थांबलो तेव्हा एकाने फोन काढला. रविवारी नाश्त्यालाच बातमी आली होती: श्रीलंकेत ईस्टरच्या मिस्साच्या वेळी चर्चमध्ये बॉम्बस्फोट. आकडा वाढत होता, पुढे तो अडीचशेच्या वर गेला. त्या फोनवर नेगोम्बोच्या संत सेबास्टियन चर्चमधला फोटो होता. पुनरुत्थित ख्रिस्ताचा पुतळा आणि त्यावर सगळीकडे रक्ताचे शिंतोडे. फोन हातोहात फिरला. भाऊजींनी तो बराच वेळ धरून ठेवला.

“हे रक्त त्याचं की लोकांचं?”

कोणीच काही बोललं नाही. फादरही नाही, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटला. तो पुतळा तिथल्या लोकांनी पुढे तसाच जपून ठेवला.

मला पास्का मेणबत्ती आठवली. तिच्यावर क्रूसाच्या आकारात धूपाचे पाच दाणे खोचतात, पाच जखमांचे. उठलेल्या ख्रिस्ताच्या अंगावर जखमा तशाच आहेत. संत थॉमसला त्याने दाखवल्या त्या त्याच. देवाला त्या बुजवता आल्या नसत्या का? मला वाटतं, बुजल्या असत्या तर ओळखायला काही उरलंच नसतं. नेगोम्बोच्या माणसांनी हे माझ्याआधी ओळखलं होतं.

जेवणानंतर भाऊजींची चाल मंदावली. उजव्या टाचेला फोड आला होता. सगळे पुढे गेले, आम्ही दोघे मागे. बराच वेळ नुसता बुटांखालच्या खडीचा आवाज.

“ती मग्दालिया,” ते एकाएकी म्हणाले, “तिला येशू माळी वाटला म्हणतोस.”

“हो. बागेत होती कबर. तिला वाटलं बागेची राखण करणारा.”

“म्हणजे हात मातीचे असतील.” हे त्यांना आवडलं होतं. थोड्या वेळाने, “पण ज्याच्यामागे गावोगाव फिरली, त्याचा चेहरा कसा कळला नाही?”

“रडत होती.”

“हां. रडताना काही दिसत नाही.” दहा-बारा पावलं गेली. “मग कळलं कसं?”

“त्याने नाव घेतलं. ‘मरिये’, एवढंच.”

भाऊजी थांबले. मला वाटलं टाच दुखतेय. ताई त्यांना एका वेगळ्याच नावाने हाक मारायची. घरात दुसरं कोणी ते नाव घेत नसे. ते मलाही ठाऊक आहे, पण इथे लिहिणार नाही. त्यांनी वाकून बुटाची नाडी सैल केली आणि पुन्हा चालू लागले.

लात्रूनच्या अलीकडे झाडी दाट झाली. आता तिथे मोठं उद्यान आहे, सहलीला आलेली कुटुंबं जाळावर मांस भाजत होती. याच झाडीत इम्वास नावाचं अरब गाव होतं. अम्माऊस हेच नाव शतकानुशतकं जपलेलं गाव. १९६७ च्या युद्धात इस्रायली सैन्याने गावकऱ्यांना बाहेर काढून ते जमीनदोस्त केलं. माणसं परतली नाहीत. निवडुंगाची जुनी कुंपणं अजून उगवतात, ती गावाची खूण. पुनरुत्थानावर बोलत त्या सावलीतून चालताना जीभ जड झाली. मी फादरांनी दिलेला कागद घडी करून खिशात ठेवला.

आम्ही पोचलो तेव्हा उशीर झाला होता. बायझंटाईन बासिलिकेचे अवशेष फाटकाआड, आणि फाटक बंद. वेळ संपून गेली होती, चूक आमचीच. पुढे गेलेल्यांनी आतून बघून घेतलं होतं. मोझेक छान आहे म्हणाले. आम्ही रस्त्याकडेच्या कठड्यावर बसलो. माझ्या पिशवीत अबू घोषची गोल रोटी उरली होती, मी ती पुढे केली. भाऊजींनी नको म्हणून हात हलवला. मी एकटाच खाल्ली. शिळी झाली होती.

लूकच्या कथेत ते दोघे रोटी मोडताना त्याला ओळखतात, तो दिसेनासा होतो, आणि ते त्याच घटकेला उठून रात्रीच्या अंधारात यरुशलेमला परत निघतात. जेवण अर्धवट टाकूनच निघाले असणार. अकरा किलोमीटर असतील तर जमेल, तीस असतील तर कठीण. आम्ही बसने निघालो. दिवसभर उतरलेला सगळा डोंगर बस वीस-पंचवीस मिनिटांत चढली.

भाऊजींनी बूट काढून पाय समोरच्या सीटखाली ताणले आणि माझा फोन मागितला. मुलाला लावला. वसईत तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले असतील.

“मोगऱ्याला पाणी सोडलं का?”

मोगऱ्याचे ते ताटवे ताईचे. ती गेल्यापासून भाऊजींनी त्या बाजूला पाऊल टाकलं नव्हतं, सगळं सुकून गेलं होतं हे मी स्वतः पाहिलंय. पलीकडून मुलगा काहीतरी लांबलचक सांगत होता. मोटर जळली आहे, वाइंडिंगला टाकली आहे, आणि पप्पा, तिथे आता आहेच काय पाणी घालायला.

“मुळं असतील ना खाली,” भाऊजी म्हणाले. “मोटर नसेल तर बादलीने घाल. आता नको, उद्या सकाळी. उन्हाच्या आधी.” मग मोटर कोणी जाळली, कशी जाळली, फ्यूजला कितीची तार घातली होती याची चौकशी सुरू झाली. त्याला शिव्या घालता घालता ते खिडकीबाहेर बघत होते, आवाज वाढत चालला होता, पुढची माणसं वळून बघू लागली. यरुशलेमचे दिवे दिसायला लागले तरी फोन चालूच होता, माझ्या रोमिंगवर.